नेदरलँड्सची शहरे: काय पाहावे आणि कसे पाहावे

भारतातून नेदरलँड्सला जाणारा प्रवासी बहुधा स्किपोल विमानतळावर उतरतो. हा विमानतळ समुद्रसपाटीच्या तीन ते चार मीटर खाली आहे. आज जिथे धावपट्ट्या आहेत, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्लेमरमेर नावाचे मोठे तळे होते. वाफेच्या पंपांनी ते उपसून १८५२ मध्ये कोरडे केले गेले. म्हणजे या देशात पर्यटकाचे पहिले पाऊल पडते तेच मुळी एका तळ्याच्या तळावर.

नेदरलँड्सचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. त्यामुळे इथल्या प्रत्येक शहराला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले: पाण्याचे करायचे काय? कोणी त्याचा रस्ता केला, कोणी शस्त्र केले, कोणी ते बुजवले आणि पस्तावून पुन्हा खणले. हा प्रश्न मनात ठेवून फिरले, तर कालवे, पूल आणि जुन्या इमारती एकसारख्या वाटत नाहीत.

हॉलंड की नेदरलँड्स?

देशाचे नाव नेदरलँड्स. देशात १२ प्रांत आहेत आणि त्यांतील फक्त दोन, उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड, यांच्या नावात ‘हॉलंड’ आहे. व्यापार आणि जहाजे मुख्यतः या दोन प्रांतांतून जगभर गेली, म्हणून तेच नाव संपूर्ण देशाला चिकटले. या लेखातील शहरांपैकी उट्रेख्त वगळता बाकी सर्व या दोन प्रांतांत आहेत. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम असली तरी संसद आणि सरकार हेगमध्ये आहे.

अ‍ॅमस्टरडॅम: खांबांवर उभे असलेले शहर

सतराव्या शतकात शहर वाढू लागले, तेव्हा जुन्या गावाभोवती अर्धवर्तुळाकार कालव्यांची मांडणी केली गेली. हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे त्यांतील तीन मुख्य कालवे. २०१० पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. काठावरची घरे अरुंद आणि उंच आहेत. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई आणि तिला आकडा दिसतो. व्यापारी आपला माल दोरीने वर ओढून माळ्यावर साठवत, त्यासाठी ही सोय होती. जिने इतके चिंचोळे असतात की आजही मोठे सामान खिडकीतूनच आत घेतले जाते.

इथली जमीन दलदलीची आहे. खालच्या वाळूच्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकून त्यांवर इमारती बांधल्या गेल्या. डाम चौकातला राजवाडा, जो मुळात नगरभवन म्हणून बांधला गेला, १३,६५९ खांबांवर उभा आहे. लाकूड पाण्याखाली राहिले तर हवा न लागल्यामुळे कुजत नाही. पाण्याची पातळी उतरली की धोका सुरू होतो. जुन्या धक्क्यांची स्थितीही नाजूक आहे. २०२० मध्ये ग्रिम्बुर्गवाल या कालव्याची भिंत कोसळली. अनेक कालव्यांच्या काठी लोखंडी आधार आणि अडथळे दिसतात ते याचसाठी.

या घरांतली श्रीमंती कुठून आली हेही लक्षात घ्यावे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे केंद्र इथे होते. कोकणात वेंगुर्ल्याला या कंपनीची वखार होती; तिचे अवशेष आजही आहेत. मसाल्यांबरोबर गुलामांचाही व्यापार झाला. १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी याच शहरातल्या ऑस्टरपार्कमध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

पाहण्यासारखे:

राइक्सम्युझियम: राष्ट्रीय संग्रहालय. रेम्ब्राँ यांचे १६४२ चे ‘नाइट वॉच’ हे भव्य चित्र आणि व्हर्मीर यांची चित्रे इथे आहेत. किमान तीन तास हवेत.

व्हॅन गॉग संग्रहालय: राइक्सम्युझियमपासून चालत काही मिनिटांवर. चित्रे कालक्रमाने पाहिली की अवघ्या दहा वर्षांत हा चित्रकार कुठून कुठे गेला ते कळते.

अ‍ॅन फ्रँक यांचे घर: प्रिन्सेनग्राख्त २६३. जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ या काळात या इमारतीच्या मागच्या भागात आठ ज्यू माणसे लपून राहिली. पकडल्या गेलेल्या आठांपैकी फक्त अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक जिवंत परतले. त्यांच्या इच्छेनुसार त्या खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. तिकीट फक्त ऑनलाइन मिळते, दारावर मिळत नाही.

होलोकॉस्ट नामस्मारक: २०२१ मध्ये खुले झाले. नाझींनी मारलेल्या १,०२,००० हून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा लोकांची नावे एकेका विटेवर कोरलेली आहेत. प्रवेश मोफत. अ‍ॅन फ्रँकचे तिकीट मिळाले नाही, तर इथे नक्की जावे.

मुख्य रेल्वे स्थानकाच्या मागून आय नदीपलीकडे जाणारी फेरीबोटही मोफत आहे. शहर पाण्यावरून पाहण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

हार्लेम: गर्दीपासून पंधरा मिनिटे दूर

अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने साधारण पंधरा मिनिटांत हार्लेम येते. मुख्य चौकातल्या सेंट बाव्हो चर्चमधला प्रचंड ऑर्गन १७३८ मध्ये पूर्ण झाला. लहानग्या मोझार्टने तो वाजवला होता. टायलर्स संग्रहालय १७८४ पासून लोकांसाठी खुले आहे आणि ते देशातले सर्वांत जुने संग्रहालय मानले जाते. जीवाश्म, जुनी वैज्ञानिक उपकरणे आणि रेखाचित्रे एकाच छताखाली पाहायला मिळतात. शहराजवळ क्रुकियस इथे ते वाफेचे पंपगृह जपून ठेवले आहे, ज्याने हार्लेमरमेर तळे उपसायला मदत केली. स्किपोलची जमीन कशी तयार झाली ते इथे समजते.

लायडन: पाण्याने वाचवलेले गाव

१५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला होता. शहरात उपासमार सुरू झाली. तेव्हा डच बंडखोरांनी स्वतःचेच बांध फोडले, शेतजमीन पाण्याखाली घातली आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या होड्या शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. त्या दिवशी वाटलेला पांढरा पाव आणि हेरिंग मासा आजही दर वर्षी ३ ऑक्टोबरला वाटतात. पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, इथे देशातले पहिले विद्यापीठ स्थापन झाले.

विद्यापीठाची वनस्पतीबाग १५९० मध्ये सुरू झाली. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथे ट्यूलिपचे कांदे लावले. हे फूल मुळात डच नाही. ते तुर्की साम्राज्याकडून युरोपात आले. शहरभर भिंतींवर वेगवेगळ्या भाषांतल्या शंभराहून अधिक कविता रंगवलेल्या आहेत. त्या शोधत फिरण्यात दुपार सहज जाते. रेम्ब्राँ यांचा जन्मही १६०६ मध्ये याच गावातला.

ट्यूलिपसाठी प्रसिद्ध असलेले कॉयकेनहोफ उद्यान जवळच्या लिसे गावात आहे. ते वर्षातून फक्त सुमारे आठ आठवडे, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, उघडे असते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ट्यूलिपची शेते दिसणार नाहीत.

हेग: न्यायाचे आणि चित्रांचे शहर

मॉरित्सहाउस हे संग्रहालय लहान आहे, पण व्हर्मीर यांचे ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ हे चित्र इथेच आहे. त्याच चित्रकाराचे डेल्फ्ट शहराचे चित्रही इथे आहे. ते पाहून मग डेल्फ्टला जावे. शेजारचे बिनेनहोफ हे जुने संसद संकुल २०२१ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, पण समोरच्या तळ्याकाठून ते दिसते.

१९१३ मध्ये उघडलेल्या शांतता प्रासादात आंतरराष्ट्रीय न्यायालय भरते. कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल १७ जुलै २०१९ रोजी याच इमारतीत वाचला गेला. प्रवेशद्वाराजवळच्या अभ्यागत केंद्रात न्यायालयाच्या कामाची माहिती मिळते.

पॅनोरमा मेसडाग हे १८८१ मधले गोलाकार चित्र १४ मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर परिघाचे आहे. मधोमध उभे राहिले की जुन्या स्खेवेनिंगेन कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर उभे असल्याचा भास होतो. नंतर ट्रामने खऱ्या स्खेवेनिंगेनला जाता येते.

हेगमध्ये भारतीय वंशाच्या सुरीनामी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज १८७३ पासून कंत्राटी मजूर म्हणून कलकत्त्याहून सुरीनामला नेले गेले होते. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास अनेक कुटुंबे नेदरलँड्सला आली. त्यांच्या उपाहारगृहांतली रोटी-भाजी शाकाहारी प्रवाशांना मोठा आधार वाटते.

डेल्फ्ट: कललेला मनोरा आणि निळी चिनी माती

जुन्या चर्चचा मनोरा जवळपास दोन मीटर कललेला आहे. कारण सोपे आहे: त्याचा पाया काही अंशी बुजवलेल्या कालव्यावर आहे. व्हर्मीर यांना १६७५ मध्ये याच चर्चमध्ये दफन केले. नव्या चर्चमध्ये डच स्वातंत्र्यलढ्याचे नेते विलेम ऑफ ऑरेंज यांची समाधी आहे. १५८४ मध्ये त्यांची हत्या याच गावात झाली. राजघराण्याचे दफनगृहही इथेच आहे.

डेल्फ्टची निळी-पांढरी भांडी म्हणजे मुळात चिनी पोर्सेलिनची नक्कल. १६५३ मध्ये सुरू झालेला एक कारखाना आजही चालू आहे आणि तिथे कारागीर हाताने रंगकाम करताना पाहता येतात. चौकातल्या दुकानांतली स्वस्त भांडी बहुधा छापील नक्षीची असतात. खरेदीपूर्वी हातकामाची खूण विचारून घ्यावी.

रॉटरडॅम: जे उरले नाही त्याचे शहर

१४ मे १९४० रोजी जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचा मध्यभाग नष्ट झाला. शेकडो लोक मेले, सुमारे ८०,००० बेघर झाले. जुने शहर हुबेहूब उभारण्याऐवजी रॉटरडॅमने नवे शहर बांधायचे ठरवले. म्हणून इथे जुनी कालव्याकाठची घरे शोधू नयेत. झाडकिन यांचे १९५३ मधले ‘उद्ध्वस्त शहर’ हे शिल्प आधी पाहावे: छातीत पोकळी असलेला, हात वर करून आक्रोश करणारा माणूस. ते पाहिल्यावर १९८४ मधली तिरकी घनाकृती घरे, २०१४ मधला मार्क्टहाल हा कमानीच्या आकाराचा बाजार आणि १९९६ मधला इरास्मस पूल यांचा अर्थ वेगळा लागतो.

रॉटरडॅमहून जलबसने किंडरडाइकला जाता येते. तिथे १७४० च्या सुमारास बांधलेल्या पवनचक्क्यांसह एकूण १९ पवनचक्क्या आहेत. त्या दळणासाठी नव्हत्या. शेतातले पाणी उपसून नदीत टाकण्यासाठी होत्या. १९५३ च्या महापुरात देशात १,८३६ लोक दगावले आणि त्यानंतर समुद्राला रोखण्यासाठी मोठे प्रकल्प उभारले गेले. हुक ऑफ हॉलंडजवळचा १९९७ मधला मास्लांट अडथळा त्यांतलाच. त्याचे दोन दरवाजे प्रत्येकी २१० मीटर लांब आहेत. डिसेंबर २०२३ मधल्या वादळात पाणी वाढल्यामुळे ते आपोआप बंद झाले.

उट्रेख्त: बुजवलेला कालवा पुन्हा खणणारे शहर

उट्रेख्तच्या जुन्या कालव्याला दोन पातळ्या आहेत. वर रस्ता, खाली पाण्यालगत धक्का आणि धक्क्यात तळघरे. एकेकाळी माल साठवायच्या या तळघरांत आता उपाहारगृहे आहेत. ११२ मीटर उंच डोम मनोरा देशातला सर्वांत उंच चर्च-मनोरा आहे. वर जायला ४६५ पायऱ्या चढाव्या लागतात. १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, म्हणून आज मनोरा आणि चर्च यांच्यामध्ये मोकळा चौक आहे.

१९७० च्या दशकात इथल्या काथराइनेसिंगल कालव्याचा एक भाग बुजवून मोटार रस्ता केला गेला. नागरिकांनी तो परत मागितला आणि २०२० मध्ये तिथे पुन्हा पाणी आले. आता होड्या शहराला पूर्ण फेरी मारतात. स्थानकाखालचा सायकल-तळ १२,५०० सायकलींचा असून जगातला सर्वांत मोठा मानला जातो. १९२४ मधले रीटवेल्ड-श्रोडर घर युनेस्कोच्या यादीत आहे. त्यात सरकत्या भिंतींनी खोल्या हव्या तशा बदलता येतात.

किती दिवसांत काय पाहावे?

तीन दिवस: दोन दिवस अ‍ॅमस्टरडॅम, एक दिवस उट्रेख्त किंवा हार्लेम.

पाच दिवस: वरील तीन दिवसांत एक दिवस हेग आणि डेल्फ्ट, एक दिवस रॉटरडॅम आणि किंडरडाइक.

सात दिवस: लायडन जोडावे आणि एक दिवस काहीही न ठरवता एखाद्या कालव्याकाठी बसावे.

ही सर्व शहरे एकमेकांपासून रेल्वेने साधारण तासाभरात आहेत. त्यामुळे रोज हॉटेल बदलण्याची गरज नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर लागतो, हे हिशेबात धरावे.

प्रवाशांनी लक्षात ठेवावे असे

व्हिसा: भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो.

तिकीट: रेल्वे, ट्राम आणि बसमध्ये कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालते. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवावे. उतरताना विसरलात तर जास्त पैसे कापले जातात.

सायकलमार्ग: लालसर रंगाचा पट्टा सायकलींसाठी असतो. फोटो काढण्यासाठी त्यावर थांबू नये. मागून वेगाने सायकली येतात.

पाणी: नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे. बाटली सोबत ठेवावी.

हवामान: उन्हाळ्यातही पाऊस आणि वारा असतो. छत्रीपेक्षा टोपीचे जॅकेट उपयोगी पडते.

परतताना स्किपोलच्या धावपट्टीवर विमान वेग घेईल, तेव्हा खिडकीतून सरळ रेषेतली शेते आणि त्यांच्यामधले पाणी दिसेल. तिथले पंप थांबले, तर ही जमीन पुन्हा तळे होईल. म्हणून ते अजूनही चालू आहेत.