अश्वाचे दात आणि वार्धक्याची साक्ष

प्राण्यांच्या इतिहासाची साधने बहुधा त्यांच्या धन्यांनी निर्माण केलेली असतात. त्यामुळे धन्याला जे पाहावयाचे असते तेवढेच त्यांत उतरते. अश्वाच्या दातांविषयीचे प्राचीन लेखन हे याचे बोलके उदाहरण होय.

इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील ग्रंथात बजावले की, वयदर्शक दात गमावलेल्या घोड्याकडून आशा धरता येत नाही व तो सहजी विकलाही जात नाही. रोमन पंडित व्हॅरो याने इ. स. पू. ३७ च्या सुमारास रचलेल्या कृषिग्रंथात दुधाचे दात पडण्याचा क्रम दिला आहे. सातव्या वर्षी दात पूर्ण होतात आणि पुढचे वय कळत नाही, हे तो प्रांजळपणे सांगतो. दात पुढे आले, भुवया पिकल्या व त्यांखाली खळगे पडले की घोडा १६ वर्षांचा समजत, एवढेच तो नोंदवितो. संस्कृत अश्वशास्त्रात दातांवरील खुणांना कालिका, हरिणी, शुक्ला अशी नावे असून दात हलणे व गळणे या त्या क्रमाच्या अंतिम अवस्था होत.

या निरीक्षणांचा विषय मुख्यतः पुढचे दात होत. ओठ उचलताच ग्राहकाला तेच दिसतात. परंतु चर्वणाचे खरे कार्य मागील २४ दाढांचे असते. त्यांचा बराच भाग प्रारंभी जबड्यात दडलेला असतो. माथा झिजेल तशी दाढ वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वर सरकते. हा साठा पंचविशी-तिशीच्या सुमारास संपत येतो. दंतवल्काच्या कठीण घड्या नाहीशा होऊन दाढ गुळगुळीत होते. मग गवत भरडले जात नाही. अर्धवट चघळलेले बोळे तोंडातून गळतात, लिदीत लांब धागे दिसतात, आणि तोबरा भरलेला असूनही जनावर खंगत जाते.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात सिडनी गॅल्व्हेन याने वरच्या कोपऱ्यातील दातावरील खोबणीवरून ३० वर्षांपर्यंतचे वय सांगण्याची पद्धत प्रसृत केली. १९९० नंतरच्या दशकात ज्ञात वयाच्या घोड्यांवर झालेल्या तपासण्यांत अशा खुणा, विशेषतः उतारवयात, बेभरवशाच्या ठरल्या. व्हॅरोचा संयम अशा रीतीने सार्थ ठरला.

तात्पर्य, जुन्या कागदांत दातांवरून ठरविलेले प्रौढ घोड्याचे वय आढळल्यास अभ्यासकाने तो अंदाज समजावा. त्या आकड्यावरून फार तर घोड्याची किंमत उमगेल. त्याला आपली चंदी चावता येत होती की नाही, हे त्यावरून कळणार नाही.