न घुसळता गोठणारी मलई : सोरा, बर्फ आणि सोड्याच्या आइस्क्रीमचा इतिहास

उन्हाळा लागला की घरोघरच्या फोनवर एक कृती फिरू लागते. थंडगार क्रीम फुलेपर्यंत फेटावे, त्यात कन्डेन्स्ड मिल्कचा डबा रिकामा करावा, आवडत्या सोड्याचा आटवून केलेला पाक घालावा आणि झाकण लावून भांडे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. यंत्र लागत नाही आणि मधूनमधून ढवळावेही लागत नाही. सकाळी संत्र्याच्या, लिंबाच्या किंवा कोल्याच्या स्वादाचे मऊ आइस्क्रीम तयार असते.

ही कृती अगदी नवी म्हणून सांगितली जाते. सोडा आणि डबाबंद दूध वगळले, तर तिच्यामागचे तत्त्व भारतात निदान अडीचशे वर्षांपासून वापरात आहे. त्याची एक तपशीलवार नोंद लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या शोधपत्रिकेत १७७५ साली छापली गेली. त्या नोंदीत बर्फ तयार करणारे हात भारतीय आहेत. त्यांपैकी एकाचेही नाव मात्र तिच्यात नाही.

घुसळण्याचे काम नेमके कोणते?

गोड दूध थंड होऊ लागले की त्यातील सगळे पाणी एकदम गोठत नाही. प्रथम शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात. साखर, क्षार आणि प्रथिने उरलेल्या द्रवात ढकलली जातात. तो द्रव अधिकाधिक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. म्हणूनच उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्येही आइस्क्रीममधील काही पाणी द्रवरूपच असते, आणि त्यामुळेच चमचा आत शिरतो. दूध स्थिर ठेवले तर स्फटिकांना वाढायला वेळ आणि पाणी दोन्ही मिळतात. ते सुमारे ५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे झाले की जिभेला कचकच जाणवते.

घुसळणीचा दांडा यावर दोन उपाय एकाच वेळी करतो. तो स्फटिकांना वाढू देत नाही आणि मिश्रणात हवा मिसळतो. ही दोन कामे वेगळी करता आली, तर घुसळण्याची गरज उरत नाही. स्फटिक लहान ठेवण्यासाठी मिश्रणातील पाणीच कमी करावे आणि हवा हवी असेल तर ती गोठवण्याआधी भरून घ्यावी. यातील पहिला उपाय म्हणजे आपली कुल्फी.

अकबराची सुराही

या इतिहासातला पहिला प्रश्न गारवा कोठून आणायचा, हा होता. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर सोऱ्याचे. बंदुकीच्या दारूत जो सोरा आग भडकवतो, तोच बादशहाचे पाणी गार करण्यासाठी वापरला जाई. एक शेर पाणी धातूच्या सुराहीत भरून तिचे तोंड बंद करीत. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकीत आणि ती सुराही त्यात सुमारे पाव तास फिरवीत.

सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. आईनमधील प्रमाण घेऊन आजच्या आकड्यांनी हिशेब केला, तर ३० अंशांचे पाणी सुमारे १५ अंशांपर्यंत उतरते. पाणी थंड होते तशी सोऱ्याची विद्राव्यताही घटते. त्यामुळे टाकलेल्या सोऱ्यातील निम्माच विरघळतो आणि गारवा तेथेच थांबतो. आग्र्याच्या उन्हाळ्यात हे सुख थोडे नव्हते, परंतु त्यातून बर्फ होणे शक्य नव्हते.

दुसरे उत्तर डोंगरातल्या बर्फाचे. १५८० च्या दशकात दरबार पंजाबात गेल्यावर लाहोरला उत्तरेकडील पर्वतांतून होड्यांनी आणि जमिनीवरून बर्फ येऊ लागला. अबुल फजल लिहितो की उन्हाळ्यात सर्व थरांतले लोक बर्फ वापरीत, परंतु वर्षभर तो परवडे तो फक्त उमरावांना.

बर्फ हाती आल्यावरही एक पायरी उरते. गोड दूध उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठू लागते, म्हणून शून्य अंशाचा बर्फ त्याला गोठवू शकत नाही. बर्फात सोरा मिसळला तरी तापमान फार तर उणे तीन अंशांपर्यंत जाते. साधे मीठ मात्र योग्य प्रमाणात मिसळले तर उणे २१ अंशांपर्यंत उतरवते. राजेशाही सोऱ्याला जे जमत नाही, ते स्वयंपाकघरातल्या मिठाला जमते.

अलाहाबादचे मातीचे परळ

हिमालयापासून दूर असलेल्या गंगेच्या मैदानात बर्फ कसा मिळे? १७७५ च्या त्या नोंदीचे लेखक सर रॉबर्ट बार्कर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्याचे सरसेनापती राहिलेले अधिकारी होते. अलाहाबाद परिसरातील पद्धत त्यांनी अशी वर्णिली आहे : मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणीत. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली धाटे आठ इंच ते फूटभर जाडीने पसरीत. त्यांवर सव्वा इंच खोलीचे, मातीचे, बिनझिलईचे परळ ओळीने मांडून संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी भरीत. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री त्या पाण्यावर बर्फ धरे. सूर्योदयापूर्वी तो गोळा करून खोल खड्ड्यात, गवत आणि घोंगड्यांच्या अस्तरात ठोकून बसवला जाई. तो उन्हाळ्यापर्यंत टिके.

यात चमत्कार हा की आसपासच्या तळ्यांत बर्फाचा मागमूसही नसे आणि हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असे. मग पाणी गोठे कशामुळे? सच्छिद्र मातीतून होणारे बाष्पीभवन हे त्या काळी सर्वमान्य झालेले स्पष्टीकरण होते. माठातले पाणी गार होते तसेच हेही, असा तो तर्क.

परंतु कारागिरांची कृती या तर्काशी जुळत नव्हती. बाष्पीभवनाला वारा पोषक असतो, तर बर्फवाल्यांना वारा पडलेली रात्र हवी असे. बाष्पीभवनासाठी ओलावा हवा, तर जॉन लॉइड विल्यम्स यांनी १७९३ मध्ये वाराणसीच्या बर्फाविषयी लिहिताना गवत कोरडे असण्यावर भर दिला होता. या विसंगतींकडे लंडनचे वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी नीट पाहिले. १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या दवावरील आपल्या निबंधात त्यांनी बंगालच्या बर्फाची चर्चा केली आणि सांगितले की पाणी आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे फेकते. कोरडे गवत जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. शांत हवा ऊब आणून देत नाही. निरभ्र आकाश फारसे काही परत करीत नाही. परळातले पाणी त्यामुळे हवेपेक्षाही थंड होते.

वातावरण साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रारणाला बरेचसे पारदर्शक असते, हे आज शाळकरी प्रकल्पांतही सांगितले जाते. याच खिडकीतून छपरांची उष्णता बाहेर घालवणारे लेप बनवण्याचे संशोधन जगभर चालू आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मॅग्नेशियम ऑक्साइड आणि पॉलिमर यांपासून असा लेप तयार केला आहे. उन्हात वीज न वापरता पृष्ठभाग थंड राखण्याचा हा प्रयत्न आणि अलाहाबादचा परळ यांच्यामागील भौतिकी एकच आहे. परळ मांडणाऱ्यांना प्रारणाचा सिद्धान्त ठाऊक नव्हता. कोणती रात्र बर्फ देईल, हे मात्र त्यांना अचूक कळत होते. त्यांच्या सवयींतच वेल्स यांना पुरावा सापडला.

कणकेने लिंपलेले पेले

बार्कर यांच्या लेखाचा शेवटचा भाग आइस्क्रीमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. सरबत किंवा मलई शंकूच्या आकाराच्या, पातळ चांदीच्या पेल्यांत भरीत. झाकणे कणकेने लिंपून बंद करीत आणि ते पेले बर्फ, सोरा, मीठ व थोडे पाणी असलेल्या मोठ्या भांड्यात ठेवीत. थोड्याच वेळात आतला पदार्थ युरोपातील आइस्क्रीमसारखा घट्ट होई. पेल्याच्या आत ढवळण्याचा येथे उल्लेख नाही. झाकण लिंपल्यावर ते शक्यही नव्हते.

हे वर्णन कोणाही भारतीय वाचकाला ओळखीचे वाटेल. शंकूचा साचा, कणकेचे तोंड आणि मीठ-बर्फाचा माठ ही कुल्फीवाल्याची सामग्री आहे. कुल्फी हा शब्द झाकणाच्या पेल्यावरून आला. त्याच्या मुळाशी असलेला अरबी 'कुफ्ल' मराठीत 'कुलूप' होऊन दारावर बसला आहे.

बार्कर आणखी एक निरीक्षण नोंदवतात. याच पेल्यांत साधे पाणी गोठवले, तर ते इतके कठीण होई की फोडायला हातोडी आणि सुरी लागे. भांडे तेच, गारवा तोच, फरक फक्त आतल्या द्रवाचा. न घुसळता होणाऱ्या आइस्क्रीमचे सगळे शास्त्र या तुलनेत आहे. एक लिटर दुधात सुमारे ८७० ग्रॅम पाणी असते. ते आटवून एक तृतीयांश केले, तर उडते ते जवळजवळ केवळ पाणी. स्निग्धांश, प्रथिने आणि दुग्धशर्करा मागे राहतात. वर साखर पडली की गोठायला मोकळे पाणी थोडेच उरते आणि दाट द्रवात स्फटिकांना वाढायला वावही मिळत नाही.

हँडल आले, आणि गेले

१८३३ मध्ये बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी पाठवलेल्या बर्फाचे 'टस्कनी' हे जहाज कोलकात्याला पोहोचले. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचे हे स्वच्छ तुकडे परळातल्या बर्फाला भारी पडले. पुढे मुंबई आणि मद्रासमध्येही बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आज विवेकानंद भवन म्हणून उभे आहे. १८७० च्या दशकाअखेरीस कोलकात्यात यंत्रावर बर्फ बनू लागला आणि हा सागरी व्यापारही आटला.

१८४३ मध्ये अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन यांना हाताने फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचे पेटंट मिळाले. लाकडी बादली, मधे धातूचे भांडे, भोवती बर्फ आणि खडे मीठ, वर हँडल. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मे महिन्यात आंब्याच्या आइस्क्रीमसाठी निघणारा 'पॉट' याच वंशातला.

त्याच शतकात दूध आटवण्याचे कामही कारखान्याकडे गेले. गेल बोर्डन यांना १८५६ मध्ये निर्वात भांड्यात दूध आटवण्याचे पेटंट मिळाले. साखर घातलेल्या कन्डेन्स्ड मिल्कमध्ये पाणी साधारण एक चतुर्थांशच असते. म्हणजे चुलीपुढच्या दोन तासांचे काम डब्यात बंद झाले. कुल्फीत नसलेली हवा फेटलेल्या क्रीममधून येते, कारण क्रीममधील स्निग्धकण बुडबुड्यांभोवती जाळे धरून त्यांना सांभाळतात. आजची 'नवी' कृती अशी दोन जुन्या युक्त्यांची बेरीज आहे.

सोडा कोठे बसतो?

जोसेफ प्रीस्टली यांनी लीड्समध्ये मद्याच्या कारखान्यातील वायू पाण्यात मिसळून १७७२ मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. अलाहाबादच्या बर्फाचा लेख छापला गेला तो त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. १८७० च्या दशकात हायरम कॉड यांच्या गोटीच्या बाटलीने सोडा स्वस्त केला. दिल्लीचा बंटा, तमिळनाडूचा गुलाबपाण्याच्या स्वादाचा पन्नीर सोडा आणि मराठी गावांतला गोटी सोडा हे त्याच बाटलीचे वारस.

परंतु सोडा थेट मलईत ओतला, तर कृती बिघडते. सोड्यात बहुतांश पाणीच असते आणि पाणी कमी करणे हाच तर सारा खटाटोप. शिवाय बर्फाच्या स्फटिकरचनेत कार्बन डायऑक्साइडला जागा नसते. पाणी गोठताना वायू बाहेर ढकलला जातो. (बंद बाटली फ्रीझरमध्ये ठेवल्यास ती फुटते, ती यामुळे आणि पाण्याच्या प्रसरणामुळे.) फसफस गोठवून ठेवता येत नाही. ठेवता येतो तो स्वाद, साखर आणि आंबटपणा.

म्हणून अर्धा लिटर गोड सोडा मंद आचेवर आटवून ८०-१०० मिलिलिटर पाक करावा आणि तो पूर्ण गार होऊ द्यावा. उकळताना काही सुगंध उडतो, म्हणून शेवटी किसलेली लिंबाची साल किंवा दोन थेंब गुलाबपाणी घालावे. २०० ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्कमध्ये हा पाक हळूहळू मिसळावा. आम्लामुळे प्रथिने एकमेकांना धरतात आणि मिश्रण दाट होते, ते बिघडल्याचे लक्षण नव्हे. नंतर ३०० मिलिलिटर फेटलेले क्रीम हलक्या हाताने त्यात मिसळून भांडे आठ तास गोठवावे.

विद्यार्थ्यांनी सोबत आणखी दोन वाट्या ठेवाव्यात : एकीत साधे पाणी आणि दुसरीत न आटवलेले गोड दूध. सकाळी तिन्हींत चमचा रोवून पाहावा. पाण्याच्या वाटीपाशी बार्कर यांची हातोडी आठवेल. दुधाच्या वाटीत कचकचणारे स्फटिक दिसतील. तिसऱ्या वाटीत चमचा सहज शिरेल. त्यामागचे उत्तर प्रयोगशाळांच्या आधी ज्यांच्या हाताला सापडले होते, त्या परळ मांडणाऱ्यांची आणि कणीक लिंपणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांची रीत मात्र दर उन्हाळ्यात कोणा ना कोणाच्या घरी पुन्हा तपासून पाहिली जाते आणि दर वेळी बरोबर ठरते.

#विज्ञानाचा_इतिहास #घरातले_भौतिकशास्त्र