तरवड, तंगडी, चर्मरंगा : एका पिवळ्या रानफुलाच्या नावांचा इतिहास

प्रस्तावना

बंगळूर शहराबाहेर पडून तुमकूर किंवा कोलारच्या दिशेने गेले की खडकाळ माळरानावर आणि विरळ झुडपी जंगलात पिवळ्याधमक फुलांचे एक झुडूप दिसते. कन्नडमध्ये त्याला 'तंगडी' किंवा 'आवरिके' म्हणतात. हेच महाराष्ट्राच्या पठारावरचे तरवड. नवरात्रात घटावर जी माळ चढवतात, तिच्यात अनेक घरांत तरवडाची फुले असतात. तमिळमध्ये त्याला 'आवारै' किंवा 'आवारम', तेलुगूत 'तंगेडु' आणि सिंहलीत 'रणवरा' अशी नावे आहेत.

लेखी कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख क्वचित होतो, अशा लोकांचा इतिहास शोधताना वनस्पतींची नावेही साधन म्हणून वापरता येतात. या पाठात आपण एकाच झुडपाच्या नावांवरून हे पाहणार आहोत.

१. नावात काय टिपले जाते?

कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये या वनस्पतीला 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. पुढे विल्यम रॉक्सबर्गच्या वर्गीकरणानुसार ती 'सेन्ना' या प्रजातीत गेली आणि आज 'सेन्ना ऑरिक्युलाटा' हेच नाव मान्य आहे. 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कान असलेली. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी गोलसर उपपर्णे असतात, त्यावरून हे नाव आले. म्हणजे शास्त्रीय नावाने झुडपाचे रूप टिपले.

आयुर्वेदाच्या परंपरेत याच वनस्पतीला 'आवर्तकी', 'पीतपुष्पा' आणि 'चर्मरंगा' अशी नावे मिळतात. 'पीतपुष्पा' हे नाव फुलाचा रंग सांगते. 'चर्मरंगा' मात्र एक व्यवसाय सांगते, कारण तिचा अर्थ चामडे रंगवणारी. हे नाव रूढ होण्याआधी कोणीतरी साल सोलली असणार, ती पाण्यात भिजवली असणार आणि कातड्यावर तिचा परिणाम पाहिला असणार. ज्यांनी हे केले त्यांची नावे ग्रंथांत नाहीत, पण त्यांचे ज्ञान या शब्दात उतरले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. कन्नड 'तंगडी' आणि मराठीत पायाला म्हणतात ती 'तंगडी' यांचा एकमेकींशी संबंध नाही. संस्कृत 'आवर्तकी' आणि तमिळ 'आवारै' हे शब्द ऐकायला जवळचे वाटतात, म्हणून एक दुसऱ्यापासून आला असे लगेच म्हणता येत नाही. तमिळमध्ये हे नाव फार जुने आहे. संगम काळातील कवी कपिलर यांच्या 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यातील ९९ फुलांच्या यादीत 'आविरै' येते.

२. साल आणि चामडे

कच्चे कातडे कुजते. त्यातील प्रथिनांशी टॅनिन या द्रव्याचा संयोग झाला की ते टिकाऊ चामडे बनते. तरवडाच्या सालीत टॅनिनचे प्रमाण साधारण १८ टक्के असते आणि तिने कमावलेले चामडे लवचिक व फिक्या रंगाचे होते. दोष एवढाच की उन्हात ते लालसर पडते. म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत होती. कोणत्या सालीनंतर कोणते फळ वापरायचे, हे ज्ञान कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून मिळवले होते.

हे काम महाराष्ट्रात मुख्यतः ढोर समाजाकडे होते, तर कर्नाटक आणि आंध्र-तेलंगणात मादिग समाजाकडे. कातड्याला हात लावणारे म्हणून समाजाने त्यांना अस्पृश्य ठरवले आणि चामड्याची मोट, चप्पल, पखाल व ढोल मात्र सगळ्यांनी वापरले. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरण चळवळीत डोहर कक्कय्या हे शरण होते. आजही महाराष्ट्रातील ढोर समाज कक्कय्यांना आपले संत मानतो.

३. बंगळूर आणि बाजारपेठ

टिपू सुलतानच्या पाडावानंतर १८०० मध्ये फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूरच्या प्रदेशात फिरला. शेती, कारागिरी आणि वनस्पती यांची माहिती त्याने स्थानिक नावांसह लिहून घेतली आणि १८०७ मध्ये ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १८०९ मध्ये बंगळूरला लष्करी छावणी आली आणि तिच्याबरोबर खोगीर, पट्टे व बूट यांची मागणीही आली.

एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातून अर्धवट कमावलेले चामडे मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला जाऊ लागले. इंग्रजी व्यापारात या सालीला दोन नावे होती : मराठी 'तरवड'वरून 'टरवार' आणि तमिळवरून 'आवारम'. निर्यातीचे केंद्र मद्रासकडे असल्याने 'आवारम' हे नाव अधिक रुजले. एखाद्या वस्तूचे कोणते नाव जगभर चालेल हे पुष्कळदा बंदर ठरवते, त्याचे हे उदाहरण.

विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोम पद्धतीने चामडे कमावण्याचे प्रयोग पुढे नेले. या पद्धतीत सालीऐवजी क्रोमियमचे क्षार वापरतात. पुढे विश्वेश्वरय्या दिवाण असताना (१९१२–१९१८) चॅटर्टन म्हैसूर संस्थानच्या उद्योग खात्याचे संचालक झाले. त्याच शतकात दक्षिण आफ्रिकेतून वॅटल या झाडाची साल आयात होऊ लागली. तिच्यात टॅनिन तरवडाच्या जवळपास दुप्पट. हळूहळू तरवडाची साल मागे पडली आणि ती गोळा करणाऱ्यांचे उत्पन्नाचे एक साधन गेले.

४. नवे मान, जुने विस्मरण

२०१४ मध्ये तेलंगणाने तंगेडु हे राज्यफूल म्हणून निवडले. बतुकम्मा सणात फुलांच्या ज्या चवडी रचतात, त्यांत या फुलाला मानाचे स्थान आहे. झुडपाच्या फुलाला देवघरात आणि सणात जागा मिळाली, तर त्याच्या सालीवर काम करणाऱ्या हातांना गावाबाहेर ठेवले गेले. एकाच झुडपाचे हे दोन इतिहास एकत्र वाचले पाहिजेत.

सारांश

शास्त्रीय नाव रूप सांगते, 'चर्मरंगा' श्रम सांगते आणि 'टरवार' व 'आवारम' बाजाराची वाट सांगतात. यांपैकी कोणतेही एकच नाव खरे धरले, तर बाकीचा इतिहास निसटतो.

सरावासाठी प्रश्न

१. 'ऑरिक्युलाटा' आणि 'चर्मरंगा' या नावांतून मिळणाऱ्या माहितीत कोणता फरक आहे?
२. तरवडाच्या सालीचा व्यापार कमी होण्याची दोन कारणे स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एका रानफुलाची स्थानिक नावे वेगवेगळ्या व्यवसायांतील लोकांकडून गोळा करा. प्रत्येक नाव रूप, उपयोग किंवा श्रद्धा यांपैकी काय टिपते, ते लिहा.