गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक घेताय? आधी हे वाचा

सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी सुरू झाली की मेडिकलवर एकच मागणी, "गुडघ्याची गोळी द्या." त्यावर बऱ्याचदा हातात पडते ती डायक्लोफेनॅक, नाहीतर तिची सख्खी बहीण असिक्लोफेनॅक. गोळी वाईट नाही, काम करते. पण किती दिवस घ्यायची हे कुणी सांगत नाही अन् आपणही विचारत नाही. खरं तर कायद्यानं ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला पाहिजे.

सांधा सुजला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. त्यांच्यामुळं ठणका लागतो, सांधा गरम होतो. ही गोळी ती रसायनं तयार होऊ देत नाही, म्हणून आराम पडतो. गुडघ्याची झीज, आमवात, गाउट, कंबरदुखी यांत डॉक्टर ती देतात. मात्र झिजलेला गुडघा तिनं भरून येत नाही. बोटं-मनगटं सुजणाऱ्या आमवातात तर सांधा वाचवायला मेथोट्रेक्सेटसारखी वेगळी औषधं लागतात. नुसत्या पेनकिलरवर वर्ष काढलं तर दुखणं दबतं, सांधा मात्र खराब होत राहतो.

अडचण अशी की हीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तराला जपतात अन् किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवतात. ती बंद झाली की पोटात अल्सर होतो, रक्तस्राव होतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जेवल्यावर गोळी घेतली तर जळजळ कमी होते, पण अल्सरचा धोका पूर्ण जात नाही.

किडनीचं जास्त जपायला हवं, कारण ती दुखत नाही. भर उन्हात दिवसभर घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं अन् वर ही गोळी, हा मेळ वाईट. जुलाब-उलट्या चालू असताना तर घेऊच नका. बीपीची अन् लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, अल्सरवाल्यांनी, गरोदर बायांनी ती टाळायची. दमेकऱ्यांनी अन् रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तापात अंग दुखतंय म्हणूनही नको. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नाही, अन् कमीत कमी दिवस. १०० ची 'एसआर' गोळी हळूहळू विरघळायची असते, ती तोडून किंवा चावून खाऊ नका. दोन डॉक्टरांच्या दोन पेनकिलर एकत्र घेऊ नका. नावं वेगळी असली तरी आतलं औषध बऱ्याचदा एकाच जातीचं असतं. एका गुडघ्यापुरतं दुखणं असेल तर आधी जेल लावून बघा, ते रक्तात फार कमी उतरतं. खुल्या पुड्यांतल्या बिननावाच्या गोळ्यांपासून तर लांबच राहा, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

जाता जाता, गिधाडं कुठं गेली हे पोरं विचारतात. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं अन् गिधाडांनी ते खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ पासून इंजेक्शन ३ मिलिच्या पॅकमध्येच येतं. बैल लंगडत असेल तर पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना चालतं.