न्यायासनापर्यंतची वाट

आपल्या ज्ञातीतील एखादा तरुण न्यायाधीश झाला किंवा एखाद्या भगिनीने तो मान मिळविला, म्हणजे आपण सभा भरवितो, शाल व श्रीफळ देऊन सत्कार करतो आणि स्मरणिकेत छायाचित्र छापतो. हे यथोचितच आहे. परंतु सत्काराच्या त्या सायंकाळी दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या न्यायासनापर्यंतची वाट कोणाकोणाच्या हातांनी घडली, हा पहिला. आणि त्या आसनावर बसलेली व्यक्ती पुढे ‘आपली’ राहते काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडेल असे एक चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे, असे योजिले आहे. ते दूरच्या अमेरिकेतील कॉन्स्टन्स बेकर मोटली या विदुषीचे होय.

प्रथम त्यांचे पद कोणते, हे समजून घेऊ. अमेरिकेत घटक राज्यांची न्यायालये निराळी व संघराज्याची निराळी. संघराज्याच्या न्यायव्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे जिल्हा न्यायालय. साक्षीपुरावे तेथेच होतात व ज्यूरीही तेथेच बसते. नानावटी खटल्यामुळे १९५९ साली मुंबईत घरोघर चर्चिली गेलेली ज्यूरी ती हीच. जिल्हा न्यायालयाच्या वर अपील न्यायालये आणि सर्वांच्या वर सर्वोच्च न्यायालय. ‘जिल्हा’ या शब्दाने मात्र आपला गैरसमज होऊ नये. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्यपाल करतात. तेथे नाव सुचवितात ते स्वतः राष्ट्राध्यक्ष, आणि त्यास संमती द्यावयाची ती सिनेटने. एकदा नेमणूक झाली की ती तहहयात. सद्वर्तन असेपर्यंत त्या न्यायाधीशास कोणी दूर करू शकत नाही व त्याचे वेतनही कमी करता येत नाही. पदासाठी वयाची वा पदवीची कोणतीच अट त्यांच्या राज्यघटनेने घातलेली नाही. त्यामुळे निवड करणाऱ्यांच्या मर्जीस व राजकारणास तेथे वाव पुष्कळ आहे.

अशा या पदावर स्त्रीची नेमणूक प्रथम १९४९ साली झाली, तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर कृष्णवर्णीय पुरुषाची १९६१ साली. कृष्णवर्णीय स्त्रीस मात्र १९६६ पर्यंत वाट पाहावी लागली. आपल्या देशात श्रीमती ॲना चंडी १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश व १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या होत्या, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

कॉन्स्टन्स यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी झाला. मातापिता वेस्ट इंडीजमधील नेव्हिस या लहानशा बेटावरून पोट भरण्यासाठी आलेले. बारा भावंडांत कॉन्स्टन्स नववी. वडील येल विद्यापीठातील विद्यार्थी-मंडळांच्या भोजनगृहात आचारी होते. ज्या विद्यापीठाच्या मुलांना पिता रांधून वाढीत होता, त्याची पायरी आपल्या मुलांनी चढावी अशी ऐपत घरात नव्हती. १९३९ साली कॉन्स्टन्स उत्तम रीतीने शाळेतून उत्तीर्ण झाल्या. वकील व्हावयाचे हे त्यांनी मनाशी ठरविले होते. परंतु महाविद्यालयाचे शुल्क कोठून आणावे? मिळेल ते काम करणे प्राप्त झाले.

याच सुमारास चरित्राला वळण देणारी घटना घडली. न्यू हेवनमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी एक समाजगृह बांधण्यात आले होते. वस्तीतील लोक त्याचा उपयोग का करीत नाहीत, याचा विचार करण्यासाठी तेथे सभा भरली. कॉन्स्टन्स उभ्या राहिल्या व त्यांनी स्पष्ट सांगितले की, कारभार पाहणारी सर्व मंडळी बाहेरची आहेत, वस्तीच्या माणसांना त्यात स्थान नाही, मग त्यांना हे गृह आपले कसे वाटावे? त्या सभेत क्लॅरेन्स ब्लेक्सली नावाचे एक श्वेतवर्णीय धनिक कंत्राटदार उपस्थित होते. ते समाजगृह त्यांच्याच औदार्याने उभे राहिले होते. म्हणजे मुलीच्या टीकेचा रोख एका अर्थी त्यांच्याकडेच होता. दुसरा एखादा दाता रुष्ट झाला असता. ब्लेक्सली यांनी मुलीची चौकशी केली, तिला बोलावून घेतले आणि ती महाविद्यालयात का जात नाही, असे विचारले. पैसे नाहीत, हे उत्तर. काय व्हावयाचे आहे? वकील. स्त्रीने वकिली करणे त्या काळी तेथेही विरळाच होते. तरीही या गृहस्थांनी तिच्या संपूर्ण शिक्षणाचा भार उचलला.

फिस्क विद्यापीठात जाण्यासाठी दक्षिणेकडे प्रवास करताना सिनसिनाटी येथे त्यांना कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या जुनाट डब्यात बसावे लागले. दक्षिणेच्या वर्णभेदाचा हा पहिला धडा. पुढे त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी १९४३ साली घेतली व कोलंबिया विद्यापीठातून १९४६ मध्ये कायद्याची पदवी संपादन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले ते हेच कोलंबिया विद्यापीठ.

विद्यार्थिदशेतच, १९४५ साली, त्या थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात झगडणाऱ्या संस्थेत रुजू झाल्या. तेथे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा सुप्रसिद्ध निर्णय ज्या खटल्यात झाला, त्याची मूळ फिर्याद तयार करण्यात त्यांचा हात होता. दक्षिणेतील गावी खटला चालविण्यास जावे, तर हॉटेलात खोली मिळू नये. वस्तीतील कोणा सज्जनाच्या घरी उतरावे आणि रात्री शेजाऱ्यांनी बंदुका घेऊन पहारा करावा, असे ते दिवस. मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश मिळवून देण्यासाठी त्या दीड वर्षाच्या आसपास कोर्टकचेऱ्या करीत राहिल्या. अखेर १ ऑक्टोबर १९६२ रोजी तो प्रवेश झाला. पण आदल्या रात्री झालेल्या दंगलीत दोन माणसे प्राणास मुकली व सैन्य आणावे लागले. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले चालविले व त्यांपैकी नऊ जिंकले. १९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या व पुढील वर्षी मॅनहॅटन विभागाच्या अध्यक्षा झाल्या.

२६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी त्यांचे नाव सिनेटकडे पाठविले. नेमणुकीचे कागद प्रथम सिनेटच्या न्यायसमितीपुढे जातात. त्या समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड, मिसिसिपीचेच प्रतिनिधी! ज्या राज्याच्या विद्यापीठाचे दार कॉन्स्टन्स यांनी न्यायालयाच्या हुकुमाने उघडविले, त्याच राज्याच्या पुढाऱ्याच्या टेबलावर त्यांचे भवितव्य जाऊन पडले. ईस्टलंड यांनी साम्यवाद्यांशी जुन्या संबंधाचा आरोप पुढे केला व प्रकरण लांबणीवर टाकले. सात महिने असे गेले. शेवटी ३० ऑगस्ट १९६६ रोजी सिनेटने संमती दिली.

येथे आपला दुसरा प्रश्न उभा राहतो. जिने वीस वर्षे एका समाजाची बाजू मांडली, ती निःपक्ष न्याय कसा देईल? ही शंका केवळ कुजबुजीपुरती राहिली नाही. १९७५ साली एका स्त्री वकिलाने न्यूयॉर्कमधील एका मातबर वकील-संस्थेवर, स्त्रियांना डावलले जाते म्हणून दावा लावला होता. तो मोटली यांच्यापुढे आला. प्रतिवादीने अर्ज केला की न्यायाधीश स्वतः स्त्री व कृष्णवर्णीय असून पूर्वी अशाच दाव्यांत वकील होत्या, सबब त्यांनी दूर व्हावे. मोटली यांनी तो फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्रत्येक न्यायाधीशास काही ना काही वर्ण असतो व लिंग असते. एवढ्यावरून अपात्र ठरवावयाचे झाल्यास या न्यायालयातील कोणीही हा दावा चालवू शकणार नाही. या उत्तराचे मर्म खोल आहे. श्वेतवर्णीय पुरुषाच्या निःपक्षतेविषयी कधी कोणी शंका घेतली नव्हती. ती घेतली गेली नवागताविषयी.

१९७८ मध्ये त्यांनी यांकी स्टेडियमवर पुरुष वार्ताहरांप्रमाणेच स्त्री वार्ताहरांनाही खेळाडूंच्या खोलीत जाऊन मुलाखती घेता याव्यात, असा निर्णय दिला. १९७० साली एका कैद्यास वर्षाहून अधिक काळ एकांतकोठडीत डांबल्याबद्दल त्यांनी भरपाई देवविली. वरच्या न्यायालयाने तो निर्णय अंशतः फिरविला. जिल्हा न्यायाधीशाचे जीवन असेच असते. १९८२ ते १९८६ या काळात त्या त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. अपील न्यायालयावर त्यांची बढती झाली नाही. २८ सप्टेंबर २००५ रोजी देहावसान होईपर्यंत, एकोणचाळीस वर्षे, त्या त्याच न्यायालयाच्या न्यायाधीश राहिल्या.

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. नेमणुकीच्या आदेशावर सही राष्ट्राध्यक्षांची असली, तरी ती वाट ज्या दात्याने मोकळी केली तो मुलीच्या वर्णाचा नव्हता, नात्याचा नव्हता, आणि तिने त्याच्याच कार्यातील दोष दाखविला होता. आपल्याही संस्थेचा विद्यार्थी-साहाय्यक निधी आहे. अर्ज छाननीस येतात तेव्हा आपण गुणपत्रिका पाहतो, शिफारस पाहतो. सभेत उठून आपल्यालाच चार खडे बोल सुनावणाऱ्या मुलीचा अर्ज आपण कोणत्या गठ्ठ्यात ठेवतो, याचा विश्वस्त मंडळींनी व आम्ही सर्वांनीच विचार करावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच चरित्रात आहे. मोटली यांनी आपला समाज कधी नाकारला नाही. परंतु न्यायासनावरून त्याला विशेष सवलतही दिली नाही. ज्ञातीतील न्यायाधीशाचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्याच्या घरी कज्ज्याची गोष्ट घेऊन जाऊ नये, आणि त्याचा निकाल ज्ञातिबंधूच्या विरुद्ध गेला तर त्याने ज्ञाती सोडली असे म्हणू नये. पुढील वर्षी सत्काराचा प्रसंग येईल तेव्हा शालीबरोबर एवढे अभयही आपल्या न्यायाधीशांस द्यावे, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.