ओस पडलेल्या गिरण्या आणि वांटणीचा न्याय



आपल्या जिल्ह्यांतून दर हिवाळ्यांत हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. पोटासाठीं घर सोडणें म्हणजे काय, हें आपणांस सांगावयास नको. म्हणून कोंकणांतून व देशावरून आलेल्या अशाच लक्षावधि माणसांचा थोडा इतिहास या महोत्सवी पुस्तिकेंत देत आहें.

मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली. पुढें परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्या, चाळी व खाणावळी यांचें एक निराळें जग वसलें. त्यास लोक गिरणगांव म्हणूं लागले. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रें थांबलीं, त्यांखालील सुमारें ६०० एकर जमीन मात्र सोन्याच्या मोलाची झाली.

ती कोणाच्या कामीं यावी ? १९९१ च्या नियमावलीनें ठरविलें कीं, पुनर्विकास होतांना साधारणतः एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं व उरलेली मालकासाठीं असावी. परंतु २००१ सालीं नियम पालटला. इमारतींखालील जमीन वांटणींतून वगळली गेली व लोकांचा वांटा फार आकसला. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल वैध ठरविला. पुढें सोडतीनें कामगारांना घरें मिळूं लागलीं; पण अर्ज लाखांवर आणि घरें थोडीं.

आपल्याकडेहि असेंच घडलें. सरदार सरोवरामुळें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. बुडिताआधीं पर्यायी जमीन द्यावी, असा निवाडा लवादानें १९७९ सालींच दिला होता. तरी अनेकांस तिच्यासाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें.

दोन्ही ठिकाणीं पहिला नियम चांगला होता. उणीव राहिली ती ही कीं, ज्यांचें घर व काम जावयाचें, त्यांचा शब्द अंमलाच्या वेळीं दुबळा ठरला. कामगारास न्याय्य वेतन मिळणें हा त्याचा हक्क आहे, असें पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकांत शिकविलें. काम संपल्यावर त्याच्या निवाऱ्याचाहि विचार त्याच न्यायांत येतो, असें मला वाटतें.

यास्तव माझी विनंती एवढीच : ग्रामसभेस जा, कागद वाचून घ्या, समजल्यावांचून अंगठा उठवूं नका. आणि शेजाऱ्याचा वांटा जात असेल, तर त्याच्यासाठींहि बोला.