अक्कलदाढ काढल्यावरचा कागद

अमरावतीच्या माझ्या दवाखान्यात अक्कलदाढ काढून झाली, की पेशंटच्या हाती एक छापील कागद जातो. जेमतेम आठ-नऊ ओळी. त्यातली एकही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. प्रत्येकीला स्वतःचा इतिहास आहे.

सगळ्यांत जुनी ओळ पथ्याची. सुश्रुतसंहितेत जबड्याच्या शेवटच्या दाताशी येणाऱ्या मोठ्या, ठणकत्या सुजेला ‘अधिमांस’ म्हटलं आहे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडी सुजते, ती हीच असावी असं मला वाटतं. उपायही दिला आहे: वाढलेलं मांस छेदायचं, मधातलं चूर्ण लावायचं, पडवळ-कडुनिंब-त्रिफळ्याच्या काढ्यानं धुवायचं. शिवाय दंतरोग्यानं आंबट फळं, गार पाणी, कोरडं नि कठीण अन्न आणि दात घासणं टाळावं. मी तेच वऱ्हाडीत सांगते: ठेचा नाही, फुटाणे नाहीत, कडक भाकर नाही, ज्वारीच्या कण्या, गुरगुट्या भात, कोमट वरण चालेल. गार पाण्यापुरता मात्र आमचा सुश्रुताशी मतभेद. पहिल्या दिवशी आम्ही गालाला बाहेरून बर्फ लावायला सांगतो आणि गार दूधही पाजतो. अमरावतीच्या मे महिन्यात ही एक ओळ पेशंट आनंदानं पाळतात.

दंतवैद्य गावोगाव पोचण्याआधी दात बाजारात निघायचे. वैदू हलणारा दात उपटायचा आणि खड्ड्यात तुरटीची चिमूट दाबायचा. तुरटीनं ऊती आकसतात, रक्त मंदावतं. म्हणजे तो अगदीच अडाणीपणा नव्हता. हाडात आडवी रुतलेली दाढ मात्र त्याच्या चिमट्यात येणं शक्यच नव्हतं. त्यासाठी हिरडी उघडून हाड कोरावं लागतं, आणि ते माणसानं शांतपणे करू द्यावं तर आधी जबडा बधिर व्हावा लागतो. आज आम्ही टोचतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. ‘ओठ बधिर असेपर्यंत काही चावू नका’ ही ओळ त्या इंजेक्शनामागून आली.

‘बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा’ या ओळीची गंमत वेगळीच. आमचा मुलूख कापसाचा, पण शेतातून वेचलेला कापूस या कामी येत नाही. त्याच्या तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो रक्त शोषतच नाही. क्षारात उकळून तो थर काढला की कापूस शोषक होतो. १८८०च्या सुमारास बर्मिंगहॅमचे सर्जन गॅम्गी यांनी असा कापूस जाळीदार कापडात भरून जखमेसाठी वापरात आणला.

कागदाच्या मधल्या ओळी सगळ्या एका गुठळीसाठी आहेत. दाढेच्या खड्ड्यात साकळलेलं रक्त हीच जखमेवरची पट्टी. ती निसटली की हाड उघडं पडतं आणि दोन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो. अमेरिकेतल्या क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. त्यालाच आम्ही ‘ड्राय सॉकेट’ म्हणतो. म्हणूनच चोवीस तास चूळ नको, थुंकणं नको, उसाचा रस प्यायचा तर नळीनं ओढायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं फिरवायचं. एवढं करूनही ठणका लागलाच, तर खड्ड्यात जी औषधी पट्टी भरतो तिच्यात बहुधा युजेनॉल असतं. लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक तोच. दुखऱ्या दाढेत लवंग धरायला सांगणाऱ्या आज्या फार चुकत नव्हत्या.

शेवटची ओळ खर्ऱ्याची. ती सुश्रुताकडे सापडणार नाही. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू नि चुना घोटून खर्रा करणं काही थांबलं नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि वरून पिचकारी. गुठळी टिकणार कशी? बाकीच्या ओळींवर कुणी वाद घालत नाही. या ओळीवर मात्र दर्यापूरकडचे एक काका खुर्चीतून उठता उठताच अडून बसले.

“मॅडम, म्या दुसऱ्या गालात धरतो, मंग त चालन ना?”

“नाही चालन, काका. गाल दोन असले तरी थुकाले तोंड एकच हाये.”